तुमच्या अकरा हजारांच्या शिवराईबद्दल

अहो, गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. मी घेतला. येत्या गुरुवारी तुम्हाला जाऊन दोन महिने होतील, आणि या दोन महिन्यांत मी जितका वेळ रडले त्याच्या दुप्पट वेळ तुमच्यावर संशय घेण्यात घालवला. लोक भेटायला येत होते. "किती शांत होते हो," म्हणत होते. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, शांत होते की नुसते गप्प होते, ते माझं मला ठरवू दे.

लेकीने पेपरात फोटो दिला तुमचा. खाली मनमिळाऊ, प्रेमळ, सगळं यथासांग छापलंय. त्यात एकच ओळ राहिली, ती मी घातली असती: लिलावात नाण्यांना वाट्टेल ती किंमत देणारे. ती म्हणाली, आई, आता तरी पुरे कर. पुरे कसं करू? मला एकच गोष्ट कळायला हवी होती. अडतीस वर्षं मी ज्याच्याबरोबर संसार केला, तो माणूस बावळट होता की लबाड?

बावळट म्हणावं तर तसं काहीच नव्हतं. मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर तुम्ही आयुष्यभर दिवाणजी होतात. ढेपेला नख लावून भाव सांगायचात. बिबवेवाडीच्या आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून पंधराची मेथी बाराला घेतल्याशिवाय तुमचा पाय पुढे पडायचा नाही, आणि मग घरी येऊन मला ती जुडी अशी दाखवायचात की लढाईच जिंकून आलात. जुन्या बाजारात तर विचारायलाच नको. लग्नानंतर एका रविवारी मला फिरायला म्हणून घेऊन गेलात आणि एका फाटक्या पोत्यावर मांडलेल्या गंजक्या कुलपांसमोर उकिडवे बसलात. उन्हात पाऊण तास. कशासाठी? एक तांब्याचा पैसा चाळीसचा पंचवीसला मिळावा म्हणून! मी नव्या साडीत शेजारी उभी, आणि तो विक्रेता मलाच म्हणतो, ताई, यांना घेऊन जा हो. मिळाला शेवटी पंचविसाला. येताना त्या वाचलेल्या पंधरा रुपयांतून आपण उसाचा रस प्यायलो. तुम्ही तो पैसा उजेडात धरून मला त्याच्यावरचं अक्षर दाखवत होतात आणि मला काही केल्या ते दिसत नव्हतं. दिसलं, असं मी खोटंच सांगितलं होतं. तुमचा चेहरा एवढा खुलला की मला फार बरं वाटलं.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मी तुमचा डबा काढला आणि घरातल्या तांब्यापितळेबरोबर तुमची सगळी नाणीसुद्धा चिंच-मीठ लावून घासली. नव्यासारखी लख्ख केली आणि ताटात मांडून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही एकेक नाणं उचलून दोन्ही बाजूंनी बघितलंत. मग म्हणालात, "छान चमकतायत." जुनं नाणं घासलं की त्याची किंमत मातीमोल होते, हे मला पुढे बारा वर्षांनी तुमच्या एका मित्राकडून कळलं, तेही बोलता बोलता. मी घरी येऊन तुम्हाला धारेवर धरलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, "चमकत होती की खरंच." तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं, हा माणूस हातचं राखून बोलतो. याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

लक्ष ठेवणं मला जमतं. शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि दर मार्चला दहावीच्या वर्गांवर सुपरव्हिजन केलं. कोण खरंच विचार करतोय आणि कोण विचार करण्याचं सोंग करतोय, हे मला पाठीमागूनसुद्धा ओळखता येतं. म्हणून तर तुमच्या त्या लिलावांचा मला पहिल्यापासून वास आला. जुन्या बाजारात पंधरा रुपयांसाठी उन्हात बसणारा माणूस तुमच्या त्या नाणेमंडळींच्या लिलावात गेला की हातची फुटकी कवडीसुद्धा सोडायचा नाही, असं मला वाटायचं. तसंच होतं म्हणा. नेहमीच्या लिलावात तुम्ही चिकूसच होतात. पण मधूनच एखाद्या लिलावातून असं काही घेऊन यायचात की मी कपाळाला हात लावायची. झिजलेलं, भोक पडलेलं, कडा चेपलेली, आणि किंमत विचारली की तुम्ही पेपर उघडायचात.

मग ती शिवराई आली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपलं वॉशिंग मशीन तेव्हा कपडे पिळताना उड्या मारत बाथरूमच्या दारापर्यंत चालत यायचं, मी त्याला ढकलत परत न्यायची. नवं घेऊ म्हटलं की तुम्ही म्हणायचात, चालतंय की. चालतंच होतं! आणि त्याच महिन्यात तुमच्या खिशात मला पावती सापडली. शिवराई एक, अकरा हजार रुपये. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा डब्यातून ती शिवराई काढली, पदराला बांधली आणि बुधवारी सरळ जुना बाजार गाठला. तिथल्या एकाला दाखवली. त्याने ती उलटीपालटी केली, म्हणाला, "दोनशे देतो. तुम्ही बाई म्हणून अडीचशे." दुसऱ्याने दीडशे सांगितले. तिसऱ्याने नुसतं हसून परत दिली.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तुम्ही सांगितलं होतंत की त्या लिलावात उरलेल्या नाण्यांसाठी रविवारी पुन्हा बसायचंय. मीही गेले. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, खाली कुणाचं तरी केळवण चाललेलं, जिन्यात मसालेभाताचा वास. वीसेक माणसं बसली होती. लिलाव पुकारत होते ते परदेशी आडनावाचे गृहस्थ, सफारी घालून, हातात छोटी लाकडी हातोडी. तुम्ही दुसऱ्या रांगेत. मी दारातूनच सुरुवात केली. काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल. दीडशे रुपयांचं नाणं अकरा हजारांना गळ्यात मारता, लाज नाही वाटत, हे नक्की बोलले. तुम्ही सगळे सामील आहात आणि गळाला लागायला आमचाच माणूस सापडला, हेही. आणि तुमच्याकडे बोट करून म्हणाले, हा माणूस बावळट आहे म्हणून तुमचं फावतं. वर्गातल्या आवाजात म्हणाले. खालचे केळवणवालेसुद्धा जिन्यात आले बघायला.

कुणीही उलट बोललं नाही. याचाच मला जास्त संशय आला. खोटा आरोप झाला तर माणूस भांडतो की नाही? परदेशींनी हातोडी खाली ठेवली. शेवटच्या रांगेतली तीनचार अनोळखी माणसं उठून गेली. तुम्ही उठलात, माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि जिना उतरायला लागलात. घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. सत्तावीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे? भाजी परतताना मध्येच विचारायची, काय नाही कळायचं? टीव्ही बघताना विचारायची. लेकीकडे जाताना बसमध्ये विचारायची. तुम्ही मूग गिळून बसायचात, आणि फारच झालं की म्हणायचात, "सांगेन." शेवटच्या आठवड्यात, धाप लागत होती तरी, मला जवळ बोलावून म्हणालात, "नाणी परदेशींकडे दे. किंमत विचारत बसू नकोस." मला वाटलं आता तरी सांगताय. नाही. डोळे मिटलेत. अहो, दुसरी एखादी बायको असती तर तिने हे शेवटचं मागणं म्हणून डोक्याला लावलं असतं. माझ्या मनात पहिला विचार आला, इथे पाणी मुरतंय.

दिवस झाल्यावर तिसऱ्याच दिवशी परदेशी हजर. बरोबर काळे, तुमच्या शेजारी बसणारे ते, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना सरबत दिलं. दोघांनी ते देवळातल्या तीर्थासारखं घेतलं आणि जमिनीकडे बघत बसले.

"वहिनी, ती नाणी आमच्याकडे द्या. लिलावात लावू," परदेशी म्हणाले.

"तुमचं कमिशन किती?"

"यावेळी नाही घेत."

"का नाही घेत?"

परदेशींनी काळ्यांकडे पाहिलं. काळ्यांनी पंख्याकडे. कमिशन न घेणारा लिलाववाला पुण्यात मी तरी पाहिला नव्हता. आधी मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात अख्खा डबा घेऊन गेले. दुकानदाराने भिंगातून दहा मिनिटं बघितलं. पस्तीस हजार म्हणाला, सगळ्याचे मिळून, आणि वर म्हणाला, "साहेबांची नजर चांगली होती हो, पण हा निम्मा डबा बघितला तर कुणी दुसऱ्यानेच घेतल्यासारखा वाटतो." रिक्षात बसून रडले मी. तुमच्यासाठी नव्हे, रागाने. कुणी किती वर्षं लुटलं असेल माझ्या माणसाला!

मग परदेशींना फोन केला. नाणी देते म्हटलं, पण प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवलेत, आणि लिलावाला मी स्वतः येऊन बसणार आहे.

ते गडबडले. "वहिनी, घरच्यांनी त्या दिवशी येऊन बसायची आपल्याकडे पद्धत नाही."

"आता पडेल," म्हटलं आणि फोन ठेवला.

परवाच्या रविवारी झाला लिलाव. तीच खोली. पहिल्या रांगेत बसले तर मागचं दिसणार नाही, म्हणून मी खुर्ची उचलून खिडकीपाशी, सगळ्यांकडे तोंड करून मांडली, वर्गात मांडायची तशी. उपीट आलं, चहा आला. माझ्याकडे कुणी बघेना. परदेशींनी पहिलं नाणं पुकारलं, पाव आण्याचं. याचे शंभर आले तरी पुष्कळ, हे एव्हाना मलाही कळत होतं. काळे म्हणाले, पाचशे. मधल्या रांगेतून सातशे. हजार. बाराशे. मग काळ्यांनी उजवा कान खाजवला आणि एकदम सगळे गप्प. हातोडी पडली. बाराशे, मधली रांग.

दुसऱ्या नाण्याला तेच. तिसऱ्यालाही. अहो, मी डोळ्यात तेल घालून बघत होते, आणि पाचव्या नाण्याला मला सगळं उलगडलं. यांच्या पाळ्या लागल्या होत्या! एका रांगेतला एक अडकला की पुढच्या वेळी त्याच्या शेजारचा. बाकीचे किंमत चढवायचे, काळे कान खाजवायचे, सगळे थांबायचे. सरळसरळ कॉपी चालली होती, पर्यवेक्षकाच्या नाकासमोर. सामील आहेत सगळे, असं मी तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. फक्त एक गोष्ट बसेना. लबाड गिऱ्हाईक किंमत पाडतं. हे वाढवत होते. का? हातोडी पडल्यावर पैसे देणारच नसतील, असं वाटलं. तेही नाही. शेजारच्या टेबलावर रोख देऊन सह्या करत होते. पहिल्या तिसेक नाण्यांतच लक्ष्मी रोडचा आकडा मागे पडला.

तेवढ्यात दार उघडलं आणि रुखसानाभाभी आत आल्या. तुमच्या हुसेनभाई बागवानांच्या पत्नी. मार्केट यार्डात तुमच्या गुळाच्या गाळ्यासमोर हुसेनभाईंचा फळांचा गाळा, त्यांनी तुम्हाला नाण्यांचा नाद लावला की तुम्ही त्यांना, यावर तुम्ही दोघं कायम वाद घालायचात. हुसेनभाई गेले तेव्हा मीही भेटायला गेले होते, आणि दर ईदेला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आपल्याकडे येतो. पण नाण्यांचं आणि भाभींचं काय? जिना चढून त्यांना दम लागला होता. शेवटच्या खुर्चीवर बसल्या, बुरख्याच्या आतून पाकीट काढून मांडीवर घट्ट धरलं. परदेशींनी पुढचं नाणं पुकारलं आणि भाभी म्हणाल्या, "दोन हजार!"

काळ्यांचा हात कानाकडे गेला तो तिथेच राहिला. बोली पुढे सरकेना.

"तीन हजार," भाभी म्हणाल्या.

परदेशी हळूच म्हणाले, "भाभी, दोन हजारसुद्धा तुमचेच आहेत."

"मग चार."

मी ताडकन उठले. काय खेळ मांडलाय हा? बिचाऱ्या विधवा बाईलाही गळाला लावलं यांनी! तोंड उघडणार, एवढ्यात परदेशी अक्षरशः हात जोडून म्हणाले, "वहिनी, आज नको. एकदा झालं तेवढं पुरे." आणि काळे आले, माझ्या कोपराला धरून मला बाहेर जिन्यात घेऊन गेले.

"कान का खाजवत होतात?" मी विचारलं.

"खाज येते म्हणून."

"काळे!"

काळे कठड्याला टेकले. पोस्टातल्या माणसाचा आवाज असा बारीक होतो हे मला माहीत नव्हतं. "वहिनी, आमच्यातलं कुणी गेलं की त्याची नाणी आम्ही अशीच घेतो. पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने चढ्या भावात अडकायचं. घरच्यांना कळू द्यायचं नाही, एवढा एकच नियम."

"मग सरळ पैसे का नाही देत घरी नेऊन?"

"घेतले असते तुम्ही?"

"तोंडावर फेकले असते."

"तेच तर."

मी विचारलं, आणि मग ती शिवराई? काळे जिन्याखाली बघायला लागले. मी पुन्हा विचारलं. तुम्हाला माहीत आहे, मी तिसऱ्यांदा विचारायची वेळ सहसा येत नाही. म्हणाले, "बागवानांची होती ती. तुमच्या मिस्टरांनी मुद्दाम पहिली घेतली आणि एकदम वर नेली, म्हणजे बाकीच्यांना पुढे ओढता येईल. त्या दिवशी निम्मी झाली. उरलेली पुढच्या रविवारी होती." पुढच्या रविवारी काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. विचारलं, त्या उरलेल्या नाण्यांचं काय झालं मग?

"बाहेरचे बोली लावणारे उठून गेले, आमचीही हिंमत झाली नाही. तुमच्या मिस्टरांनी नंतर सगळी एकट्यांनी घेतली. जो भाव लागला असता त्याच भावाला. आम्ही म्हटलं वाटून घेऊ. ऐकेनात. म्हणाले, घरचं नुकसान आहे, घरातूनच भरून निघायला हवं."

त्याच वर्षी तुम्ही स्कूटर विकलीत, अहो. म्हणालात, आता गुडघ्यांना झेपत नाही, बस बरी पडते. मला तेव्हाच वाटलं होतं की गुडघ्यांचं निमित्त आहे, हे पैसे नाण्यांत गेले असणार. बरोबरच होतं की! शिवराईला जादा पैसे दिलेत, बरोबर. सगळे सामील आहेत, बरोबर. तुम्ही काहीतरी लपवताय, तेही बरोबर. एकही उत्तर माझं चुकलं नाही, आणि तरी मी भर सभेत एका बाईच्या ताटातलं सांडलं आणि तुम्ही तीन वर्षं बसच्या रांगेत उभं राहून ते वेचत बसलात.

आत जाऊन मी खिडकीतल्या खुर्चीवर बसले. या वेळी खुर्ची फिरवली, सगळ्यांकडे पाठ केली. मागे आकडे चढत होते, हातोडी पडत होती. मी रस्त्याकडे बघत होते आणि काहीही दिसत नव्हतं.

संपल्यावर भाभींना म्हटलं, चला, रिक्षाने सोडते. गुलटेकडीपर्यंत मी नुसती शब्द जुळवत होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा म्हटलं, "भाभी, हुसेनभाईंचा लिलाव ज्या बाईने बंद पाडला ना, ती मी."

"माहीत आहे, बाई."

"कुणी सांगितलं?" संशय माझा, जाता जात नाही.

"भाऊंनीच. पैसे घेऊन आले होते, पाकीट देईनात. म्हणे आधी ऐकून घ्या. म्हणाले, माझ्या बायकोला खोटं सहन होत नाही, आणि मी तिच्यापुढे खोटं केलं. चूक माझी आहे. तिच्यावर राग धरू नका, तिच्यासारखी माणसं फार थोडी आहेत." मग भाभी हसल्या. "आणि आमच्या यांनीसुद्धा असलं महागडं भंगार कितीदा आणलं घरी. मीही भांडले त्यांच्याशी. फक्त मी घरात भांडले."

"मग आज तुम्ही कशाला आलात?"

"भाऊंची नाणी होती. मी नको यायला?"

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, भर गल्लीत. रिक्षावाल्याने मीटर चालूच ठेवलं होतं, त्यावरून नंतर त्याच्याशी भांडलेसुद्धा.

परदेशींना काल फोन केला. सांगितलं, पुढची पाळी माझीही लावा, आणि भाभींची. परदेशी म्हणाले, वहिनी, बायकांनी बोली लावायची आपल्याकडे पद्धत नाही. मग स्वतःच म्हणाले, "बरं, बरं, पडेल."

अहो, तुम्ही भाभींना सांगितलंत. परक्या बाईला सांगितलंत, माझं कौतुक तिच्याजवळ केलंत, आणि मला तीन वर्षं म्हणालात, तुला नाही कळायचं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला बावळट म्हटलं आणि तुम्ही माझी पिशवी उचलून जिना उतरलात. एकदा तरी उलट बोलायचंत! एकदा म्हणायचंत, बाई गं, काय केलंस तू हे. रडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण तुमची माफी मागता आली असती. ती मागायची तुम्ही सोयच ठेवली नाहीत. याबद्दल मला तुमचा राग आहे, आणि तो राहणार आहे. बाकी सगळ्याबद्दल माझं चुकलं. हे मी आता तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढे बसून मोठ्याने म्हणतेय, आणि शेजारच्या बाई दार किलकिलं करून ऐकतायत, मला माहीत आहे. ऐकू दे.

संशय घ्यायची सवय मात्र जात नाही हो, आणि घरात आता घ्यायला कुणी नाही. आज सकाळी दार उघडलं तर दुधाची एकच पिशवी. अर्ध्या लिटरची. दूधवाला जिन्यातच होता, धरला त्याला. म्हटलं, रोजच्या दोन ठरल्यात, दुसरी कुठे गेली? बिचारा घाबरला. म्हणाला, "काकू, महिना झाला, काकांची पिशवी तुम्हीच बंद करायला सांगितलीत ना."